चौदा वर्षांची मुलगी, सात वर्षांची फाइल

23 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पॉक्सो कायद्याच्या (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम 6 खाली दोषी ठरलेल्या एका माणसाला तुरुंगात पाठवायचं नाही, असा आदेश दिला. या कलमात किमान शिक्षा ठरवून दिलेली आहे आणि कुठल्याही न्यायाधीशाला तिच्याखाली जाता येत नाही. त्यामुळे न्यायालयाला राज्यघटनेच्या अनुच्छेद 142 मधल्या असाधारण अधिकाराचा आधार घ्यावा लागला. त्यानंतरची बरीचशी चर्चा त्या माणसाभोवतीच फिरली, त्याला सोडायला हवं होतं की नको यावर. मला ही सात वर्षं मुलीच्या बाजूने मोजायची आहेत. बालकांवरचे अत्याचार आणि त्यांची हेळसांड या प्रकरणांत आपली न्यायालयं नेमकी कुठे कमी पडतात, ते या एका फाइलमध्ये फार स्पष्ट दिसतं.

प्रकरणाचं अधिकृत नाव 'इन री: राइट टू प्रायव्हसी ऑफ अडोलसंट्स'. सर्वोच्च न्यायालयाने ते स्वतःहून दाखल करून घेतलं होतं. मुलीचं नाव निकालात नाही. आरोपीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यावरून गावात तिची ओळख पटायला वेळ लागणार नाही. पीडित बालकाची ओळख उघड करायला मनाई करणारं पॉक्सोचं कलम 23 वर्तमानपत्रांना जसं लागू आहे, तसंच समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्या आपल्यालाही आहे.

घटनाक्रम

पश्चिम बंगालमधली ही मुलगी 20 मे 2018 रोजी घरात कुणालाही न सांगता निघून गेली. वय चौदा. ज्याच्याकडे गेली, तो पंचवीस वर्षांचा. आईने शोधाशोध केली, त्याने फूस लावून नेल्याचं तिला कळलं आणि 29 मे रोजी तिने फिर्याद दिली. पुढे या मुलीला मूल झालं. मुलगीच झाली, आणि आरोपीच तिचा बाप. माहेरच्यांनी मुलीला टाकलं. आरोपीला अटक झाली 19 डिसेंबर 2021 रोजी आणि दोषारोपपत्र न्यायालयात आलं 27 जानेवारी 2022 रोजी.

फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत जवळजवळ चव्वेचाळीस महिने गेले. या काळात चौदा वर्षांची मुलगी आई झाली आणि सज्ञान व्हायला आली.

दोषारोपपत्र आल्यावर मात्र खटला झपाट्याने चालला. विशेष न्यायालयाने 2022 मध्येच निकाल दिला आणि आरोपीला वीस वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. अपील कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. 18 ऑक्टोबर 2023 रोजी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं आणि निकालपत्रात किशोरवयीन मुलींनी आपल्या लैंगिक भावनांवर ताबा ठेवावा, अशा अर्थाचा उपदेश केला. त्यावर देशभर टीका झाली. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पश्चिम बंगाल सरकारनेही अपील केलं. 20 ऑगस्ट 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने सुटकेचा निकाल रद्द करून पॉक्सो आणि बलात्काराच्या कलमांखालचा दोष कायम केला. अपहरणाच्या आरोपांतून मात्र त्याला मोकळं केलं. शिक्षेचा निर्णय राखून ठेवला आणि मुलीशी बोलण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली. त्या समितीच्या अहवालानंतर मे 2025 चा आदेश झाला.

चव्वेचाळीस महिने बोर्डावर नसलेली केस

पॉक्सोच्या कलम 35 प्रमाणे विशेष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवायची असते आणि शक्य तोवर एका वर्षात खटला संपवायचा असतो. जलदगती न्यायालयांचं काम आपण याच मोजपट्टीवर तपासतो. आता हे प्रकरण त्या मोजपट्टीवर लावून बघा. जानेवारी 2022 मध्ये दोषारोपपत्र आलं, त्याच वर्षी निकाल लागला. तक्त्यात हा खटला 'मुदतीत निकाली' या रकान्यात पडेल. मुलीची वाट पाहण्याची वर्षं त्या तक्त्यात कुठेच येणार नाहीत, कारण कायद्यातलं घड्याळ सुरू होतं तेच दखल घेतल्यापासून.

बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा, ही मुदत फौजदारी प्रक्रिया संहितेत 2018 सालीच आली होती. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण ती मोडली तर पुढे काय, याचं उत्तर कायद्यात नाही. आरोपी कोठडीत असला तर निदान एक दट्ट्या असतो: ठरलेल्या दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर त्याला आपोआप जामिनाचा हक्क मिळतो, म्हणून तपास अधिकारी धावपळ करतो. रिमांडच्या निमित्ताने फाइल दर काही दिवसांनी न्यायाधीशासमोर येते. इथे आरोपीला अटकच साडेतीन वर्षांनी झाली. रिमांड नाही, जामीन अर्ज नाही, तारीख नाही. अशी केस कुठल्याच बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामाच्या यादीवर, लागत नाही, आणि बोर्डावर नसलेल्या केसबद्दल न्यायालयात कुणी कुणाला विचारत नाही.

एकूण व्यवस्थेची बांधणीच अशी आहे की आरोपी आत असला तर घाई होते आणि आरोपी बाहेर असला तर बालक विस्मरणात जातं. आरोपीच्या स्वातंत्र्यासाठी मुदती हव्यातच, त्या कमी करा असं माझं म्हणणं नाही. पण बालकाच्या नावाने चालणारं एकही घड्याळ न्यायालयाच्या भिंतीवर असू नये, हे मला खटकतं.

चोवीस तासांचा कागद

खरं तर असं एक घड्याळ कायद्याने दिलेलं आहे. पॉक्सोच्या कलम 19(6) मध्ये म्हटलंय की गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांनी विनाविलंब, पण चोवीस तासांच्या आत, ती बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायची. बालकाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे का, असेल तर काय करायला हवं, हेही त्या अहवालात यायला हवं.

यातले 'विशेष न्यायालयाला' हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. समितीला कळवायचं असतं हे पोलीस ठाण्यात आता बऱ्यापैकी माहीत झालंय. पण संसदेने न्यायालयालाही पहिल्याच दिवशी सांगायला लावलं आहे. म्हणजे दोषारोपपत्र येण्याच्या कितीतरी आधी, आरोपी सापडलेला नसतानाही, एक मूल संकटात आहे ही गोष्ट न्यायाधीशाच्या टेबलावर पोचलेली असावी, असा कायद्याचा हेतू आहे.

पोलिसांनी समितीकडे काय पाठवायचं, याचा नमुना 2020 च्या पॉक्सो नियमांत दिला आहे. त्याला नमुना 'ब' म्हणतात. पान-दीड पानाचा कागद. त्यात बालकाचं वय, आरोपीशी नातं, अत्याचार एकदा झाला की वारंवार, शरीराला आणि मनाला झालेली इजा, अपंगत्व आहे का, उपचार चालू आहेत का, शाळा बुडतेय का, घरात माणसं किती, आईवडील काय काम करतात, महिन्याचं उत्पन्न किती, आईवडिलांपैकी कुणी आजारी आहे का, असे रकाने आहेत. नीट भरलेला नमुना 'ब' वाचला तर त्या घरात आज रात्री काय होणार आहे, याचा बराच अंदाज येतो. वडील संशयित आहेत आणि आई रोजंदारीवर जाते, एवढ्या दोन ओळींवरूनही मुलाला घरी पाठवावं की नाही याचा विचार सुरू होऊ शकतो. पण अनेकदा तो घाईत भरला जातो, 'लागू नाही' लिहून रकाने संपवले जातात, आणि फाइलला टाचून तो विसरला जातो.

हा कागद मिळाल्यावर समितीचं काम सुरू होतं. बालक आरोपीबरोबर एकाच घरात राहत असेल, किंवा त्याला घर आणि आईवडिलांचा आधार नसेल, तर समितीने तीन दिवसांत ठरवायचं असतं की त्याला तिथून बाहेर काढायचं का. ठरवताना बालकाची स्वतःची इच्छा, त्याच्या वयाला आणि समजेला धरून, विचारात घ्यायची असते. समिती सपोर्ट पर्सन नेमते. तो किंवा ती तपासापासून खटल्याच्या शेवटापर्यंत बालकासोबत असते, आणि ही नेमणूक झाल्याचं पोलिसांनी चोवीस तासांत विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. सपोर्ट पर्सन देणं हा पालकांच्या मर्जीचा प्रश्न नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय.

बंगालच्या या मुलीच्या बाबतीत कलम 19(6) पाळलं गेलं नाही. ही कलमं आणि बाल न्याय कायदा पाळला गेला असता तर मुलीपुढे दुसरे पर्याय राहिले असते. राज्ययंत्रणेच्या अपयशामुळे तिच्याकडे आरोपीच्या आसऱ्याशिवाय काही उरलं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 च्या निकालात म्हटलं. मला हा त्या निकालाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो. उच्च न्यायालयाने मुलगी आरोपीबरोबर सुखाने राहतेय हे सुटकेचं कारण मानलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, ती तिथे राहिली, पण तिला जायला दुसरीकडे जागा होती का? एकाच वस्तुस्थितीकडे दोन न्यायालयांनी पाहिलं. एकाला त्यात संमती दिसली, दुसऱ्याला हेळसांड.

चौदा वर्षांच्या मुलीला माहेरच्यांनी टाकणं ही बाल न्याय कायद्याप्रमाणे परित्यक्त बालकाचीच अवस्था आहे. लहान वयात लग्न लावलं जाण्याचा धोका असलेलं मूलही या कायद्यात 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. म्हणजे इथे पॉक्सोचा गुन्हा आणि कुटुंबाकडून झालेली हेळसांड या दोन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या. खटला पहिल्या गोष्टीचा झाला. दुसऱ्या गोष्टीची दखल सहा वर्षांनी, तीही दिल्लीत, घेतली गेली.

तिचा वकील कोण?

या फाइलमधला आणखी एक पेच फारसा बोलला जात नाही. फिर्याद आईची. सुरुवातीला मुलीची बाजू आणि आईची बाजू एकच धरली गेली. नंतर घरच्यांनी मुलीशी संबंध तोडले. आता मुलीच्या वतीने न्यायालयात कोण बोलणार? सरकारी वकील राज्याचा असतो, त्याचं काम गुन्हा सिद्ध करणं. आरोपीचा वकील आरोपीचा. पॉक्सोच्या कलम 40 मध्ये वकिलाचा हक्क दिलाय, पण तो बालकाच्या 'कुटुंबाला किंवा पालकाला' दिलाय, आणि त्यांना परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाने वकील द्यायचा. कुटुंब बालकाच्या पाठीशी उभं आहे, हे त्या कलमाने गृहीत धरलंय. बालकांवरच्या अत्याचारात आरोपी बऱ्याचदा घरातला किंवा ओळखीचा असतो, आणि तिथेच हे गृहीत कोसळतं. काका आरोपी असतो तेव्हा आजी, वडील, आत्या सगळे तडजोडीच्या बाजूला उभे राहतात. मुलगी एकटी पडते आणि साक्षीच्या दिवशी फितूर होते. मग निकालात लिहिलं जातं, 'पीडितेने सरकार पक्षाला साथ दिली नाही.'

या मुलीने तर आरोपीला वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. तिच्यावर कर्ज झालं होतं, आणि ते फेडण्यासाठी मदत करावी असं सर्वोच्च न्यायालयाला शेवटच्या आदेशात सांगावं लागलं. राज्याने तिच्या नावाने खटला चालवला आणि ती त्याच खटल्याविरुद्ध पैसे उभे करत राहिली. तिची निवड योग्य होती का, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. ती निवड करताना तिला इतर पर्याय कोणते, बालगृह म्हणजे काय, शिक्षण सुरू ठेवता येतं का, भरपाई मिळते का, लेकीचं काय होईल, हे कुणी शांतपणे बसून समजावून सांगितलं होतं का?

सांगितलं गेलं, पण 2024 नंतर. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला नेमायला लावलेल्या समितीत मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि बाल कल्याण अधिकारी असावेत, त्यासाठी निम्हान्स (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) किंवा टाटा समाजविज्ञान संस्थेची मदत घ्यावी, असं सुचवलं होतं. समितीने मुलीला सरकारी योजनांची माहिती द्यायची आणि आरोपीबरोबर राहायचं की ते लाभ घेऊन वेगळं व्हायचं, हे तिने समजून-उमजून ठरवावं यासाठी मदत करायची. न्यायमित्र म्हणून ज्येष्ठ वकील माधवी दिवाण आणि लिझ मॅथ्यू यांनी न्यायालयाला साहाय्य केलं.

समितीच्या अंतिम अहवालाचा जो सार 2025 च्या आदेशात आलाय, तो वाचून मी बराच वेळ थांबले. कायद्याने याला गुन्हा म्हटलं तरी मुलीने ते तसं मानलेलं नाही. तिला सर्वाधिक त्रास झाला तो नंतरच्या गोष्टींचा: पोलीस, न्यायव्यवस्था आणि आरोपीला शिक्षेपासून वाचवण्याची सततची झुंज. समाजाने तिला दोषी ठरवलं, न्यायव्यवस्थेने तिला निराश केलं आणि तिच्या कुटुंबाने तिला वाऱ्यावर सोडलं, असं न्यायालयाने लिहिलंय. या प्रकरणातली वस्तुस्थिती सगळ्यांच्या डोळ्यांत अंजन घालणारी आहे, असंही. आपल्या देशाचं सर्वोच्च न्यायालय न्यायव्यवस्थेबद्दल इतकं सरळ बोललंय, ते अधोरेखित व्हायला हवं.

शिक्षा न देण्याबद्दल

इथे मला माझं मत स्पष्ट मांडायला हवं, कारण या आदेशाचा गैरवापर होणार याची मला भीती आहे. चौदा वर्षांची मुलगी आणि पंचवीस वर्षांचा पुरुष यांच्यातल्या संबंधाला 'प्रेमप्रकरण' म्हणून गुन्ह्यातून वगळता येत नाही, हे 2024 च्या निकालाने बजावलंय आणि ते बरोबर आहे. सोळा ते अठरा वयाच्या जवळपास समवयस्क मुलामुलींचे प्रश्न वेगळे आहेत. विधी आयोगाने सप्टेंबर 2023 मधल्या 283 व्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये, पण सोळा ते अठरा या गटात न्यायाधीशाला शिक्षेबाबत मार्गदर्शित विवेकाधिकार असावा, असं सुचवलं होतं. हे प्रकरण त्या गटात बसत नाही.

तरीही 2025 मध्ये शिक्षा दिली असती तर तिचा भार प्रत्यक्ष कुणावर पडला असता? जिला आधी सगळ्यांनी टाकलं, तिच्यावरच. ती तोवर एकवीस वर्षांच्या आसपासची, लेकीसह, त्या लहानशा घराला घट्ट धरून बसलेली. न्यायालयापुढे चांगला पर्याय शिल्लकच नव्हता, कारण चांगले पर्याय 2018 च्या जून महिन्यात संपले होते. म्हणून मला हा आदेश या मुलीपुरता पटतो, आणि म्हणूनच तो दुसऱ्या कुठल्याही खटल्यात दाखला म्हणून वापरला जाऊ नये, असंही वाटतं. न्यायालयाने तसं बजावलंही आहे. 'लग्न लावून टाका, वरचं कोर्ट सोडतं' असा अर्थ गावोगावच्या तडजोडीत काढला गेला तर पुढच्या मुलींचं अतोनात नुकसान होईल.

आदेशात राज्य सरकारला मुलीचा आणि तिच्या लेकीचा खरा पालक म्हणून वागायला सांगितलंय. चांगला निवारा, मुलीचं दहावीपर्यंतचं आणि तिची इच्छा असेल तर पदवीपर्यंतचं शिक्षण, लेकीचं दहावीपर्यंतचं शिक्षण, कर्जफेडीला मदत. यातल्या बहुतेक गोष्टी चौदाव्या वर्षी, एका जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या पातळीवर, अनुच्छेद 142 शिवाय मिळू शकल्या असत्या.

सुधारायचं कुठे

2024 च्या निकालात सर्व राज्यांना कलम 19(6) आणि बाल न्याय कायद्यातल्या संबंधित तरतुदी काटेकोर पाळायला सांगितल्या आहेत, तसंच बाल न्याय कायद्याच्याच कलम 46 खाली अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांच्या अनुरक्षणाचे, म्हणजे पुढच्या आधाराचे, नियम करायलाही. मे 2025 मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयालाही न्यायमित्रांच्या सूचनांवर समिती नेमायला सांगितलं. ही वरून येणारी कामं होतील तेव्हा होतील. पण नवा कायदा, नवी इमारत किंवा वेगळा निधी न लागता जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात बरंच काही करता येण्यासारखं आहे.

पॉक्सो खटल्याचा कुठलाही रोजनामा, म्हणजे तारखेगणिक कामकाजाची नोंद, उघडून पाहा. 'आरोपी हजर. सरकारी वकील हजर. साक्षीदार गैरहजर. समन्स पुन्हा काढावे. पुढील तारीख...' ओळीमागून ओळ अशीच. बालक कुठे राहतंय, कुणाबरोबर राहतंय, शाळेत जातंय का, सपोर्ट पर्सन नेमलाय का, अंतरिम भरपाईचा अर्ज केलाय का, यातलं काहीही त्यात सहसा सापडत नाही. न्यायाधीश निर्दयी असतात म्हणून असं होत नाही. रोजनाम्याचा साचा आरोपी, साक्षीदार आणि तारीख या तिघांसाठी घडलेला आहे आणि बालकासाठी त्यात ओळच नाही.

ती ओळ घालता येते. कलम 19(6) ची सूचना आली की तिची स्वतंत्र नोंदवही ठेवायची आणि आरोपी सापडला असो वा नसो, ते प्रकरण ठरावीक दिवसांनी बोर्डावर घ्यायचं. त्या दिवशी तपास अधिकाऱ्याला विचारायचं: तपास कुठवर आला? समितीचा आदेश कुठे आहे? सपोर्ट पर्सन कोण? बंगालच्या प्रकरणात चव्वेचाळीस महिन्यांत असं दहा वेळा जरी विचारलं गेलं असतं, तरी ती फाइल इतकी वर्षं धूळ खात पडली नसती. अमेरिकेत हेळसांड झालेल्या आणि घराबाहेर ठेवलेल्या मुलांची स्थिती किमान दर सहा महिन्यांनी तपासायची, हे 1980 सालच्या कायद्याने घातलेलं बंधन आहे, आणि 1997 च्या कायद्याने बारा महिन्यांत त्या मुलाचं कायमचं घर कोणतं यावर सुनावणी घ्यावी लागते. तिथल्या व्यवस्थेतही मोठे दोष आहेत, गरीब घरांतली मुलं हकनाक काढून नेली जातात ही तक्रार तर जुनीच. पण मूल हाच सुनावणीचा विषय असतो, ही गोष्ट आपण घ्यावी.

दुसरं, समिती आणि न्यायालय यांच्यातली भिंत. आपल्याकडे एकाच मुलाचे दोन दरवाजे आहेत. त्याने कुठे राहायचं हे बाल कल्याण समिती ठरवते, त्याच्यावर अत्याचार झाला की नाही हे विशेष न्यायालय ठरवतं. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, तिचे आदेश गंभीर असतात, पण ते पॉक्सोच्या फाइलमध्ये आपणहून येत नाहीत. मुलीला बालगृहातून परत घरी, म्हणजे साक्ष बदलायला लावणाऱ्या माणसांत, पाठवलं गेलंय, हे न्यायाधीशाला उलटतपासणीच्या दिवशी कळतं. समितीच्या प्रत्येक आदेशाची आणि सपोर्ट पर्सनच्या अहवालाची प्रत विशेष न्यायालयात जाणं, आणि न्यायालयाच्या जामीन आदेशाची प्रत समितीला मिळणं, हे दोन शिरस्तेदारांनी मनावर घेतलं तरी सुरू होण्यासारखं आहे. गोपनीयतेसाठी बंद पाकीट वापरता येतं.

वकिलाच्या बाबतीत विशेष न्यायालयाने कुटुंबाची वाट पाहू नये. पालक आणि बालक यांचं हित एक नाही असं दिसलं, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला लिहून बालकासाठी स्वतंत्र वकील मागवावा. आरोपी घरातला असेल तर हे पहिल्याच तारखेला व्हायला हवं. या वकिलाने मुलाला काय हवंय ते न्यायालयाला सांगायचं आणि न्यायालय काय करतंय ते मुलाला, त्याच्या भाषेत. साक्षीत विचारलेला प्रश्न वेगळा आणि 'तुला आता कुठे राहायचंय?' हा प्रश्न वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शपथेवर घ्यायची गरज नसते. ते बंद दालनात, आरोपीच्या आणि हवं तर आईवडिलांच्याही अपरोक्ष ऐकता येतं. मुलाची इच्छा मान्यच करावी असं नाही. चौदाव्या वर्षी ती मुलगी बहुधा आरोपीकडेच जायचं म्हणाली असती, आणि न्यायालयाने ते नाकारायला हवं होतं. पण तिने ते म्हटलं असतं, कुणीतरी तिला नाही म्हणण्यामागची कारणं सांगितली असती, रागावलेल्या मुलीला पुन्हा पुन्हा जाऊन भेटणारं एक माणूस नेमलं गेलं असतं. किशोरवयीन मुलींसोबत काम करणाऱ्यांना ठाऊक असतं की पहिले दोन-तीन महिने त्या बोलतच नाहीत. म्हणूनच ही सुरुवात लवकर व्हावी लागते.

निकालपत्राच्या भाषेबद्दलही सर्वोच्च न्यायालय बोललं: निकाल सोप्या भाषेत असावा, न्यायाधीशाने त्यात वैयक्तिक मतं मांडू नयेत, प्रवचन देऊ नये. मी यात एवढीच भर घालेन की पॉक्सोचा निकाल लिहिताना, ती मुलगी पंचविसाव्या वर्षी हा निकाल शोधून वाचेल, हे न्यायाधीशाने गृहीत धरावं. हल्ली बरेचसे निकाल संकेतस्थळांवर असतात, आणि मुलं वाचतात.

राहिला अठराव्या वाढदिवसाचा प्रश्न. खटला लांबला की बालक खटल्यातच सज्ञान होतं आणि त्या दिवशी समिती, बालगृह, बहुतेक योजना हात वर करतात. कलम 46 प्रमाणे बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना एकवीस वर्षांपर्यंत आर्थिक मदत देता येते, पण ज्यांना कधी बालगृहातच आणलं गेलं नाही, ज्यांची समितीपुढे नोंदच झाली नाही, त्यांच्यासाठी हे कलम असून नसल्यासारखं. या मुलीचं तेच झालं. त्यामुळे राज्यांनी कलम 46 चे नियम करताना पॉक्सोच्या कलम 19(6) खाली कळवल्या गेलेल्या प्रत्येक बालकाला, ते संस्थेत राहिलं असो वा नसो, त्यात धरायला हवं. विशेष न्यायालयानेही निकालाच्या दिवशी भरपाईच्या रकमेबरोबर या मदतीसाठी समितीला लिहावं. त्यासाठी न्यायाधीशाला आधी बालकाचं आजचं वय आणि आजचा पत्ता फाइलवर हवा, आणि कित्येक फाइलींवर आजही फक्त फिर्यादीच्या दिवशीचा पत्ता असतो.